थोर पैलवान कोण, हे भांडण्याआधी

भाऊ, परवा यात्रेच्या कुस्ती दंगलीत तू घसा फोडून सांगत होतास, विजय चौधरींसारखा मल्ल झाला नाही. आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचा गडी, 2014, 2015, 2016 अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी. छाती फुगते, माझीही फुगते. पण समोरच्या आबांनी खाशाबा जाधवांचं नाव घेतलं आणि तू हसलास, ते मला लागलं.

आधी विचार, थोर कशात? किताबात म्हणशील तर नरसिंग यादवांनीही 2011 ते 2013 तीनदा गदा उचलली. खाशाबा जाधवांची गोष्टच निराळी. मातीत घडलेला माणूस 1948 ला लंडनच्या मॅटवर उतरला, सहावा आला. तिथे पाय कसा रोवायचा हेच वेगळं! चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्य. त्यानंतर भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला 1996 उजाडलं. आता वजनही बघ. खाशाबा हेलसिंकीला 57 किलो गटातले, केसरीची गदा भारी वजनाच्या मल्लांची. दोघांना एका आखाड्यात उभं करून जोड लावशील कशी?

आणि एक कर. पहाटे तालमीत ये. माती खोऱ्याने उकरताना तेल, ताक, हळदीचा वास येतो. तासभर खणून बघ, हाताला फोड येतील. मग संध्याकाळी आबांच्या शेजारी बस, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या कुस्त्या विचार आणि ते बोलतील तोवर मध्ये बोलू नकोस.