कूलरचा प्लग: हिरवा आणि काळा

प्रश्न : दादा, आमचा कूलर पावसाळाभर गॅलरीत ताडपत्रीखाली होता. परवा काढला तर प्लगच्या तिन्ही पिना हिरव्या पडलेल्या, त्यातली एक बुडाशी काळी. हे म्हणतात चिंचेने घास, लख्ख होईल. सासूबाई म्हणतात नवाच आण. काय करू?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, तुमच्या प्लगला दोन वेगळे रोग आहेत. हिरवा म्हणजे कळंक. पितळेत तांबं असतं, ओल लागली की ते हिरवं पडतं. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं, त्यातला प्रकार. हा निघतो. काळा डाग मात्र ओलीचा नाही, तापल्याचा आहे. पीन सॉकेटमध्ये सैल बसली किंवा आतला स्क्रू ढिला राहिला की तिथे ठिणग्या उडतात, पीन तापते आणि भोवतीचं प्लास्टिक करपतं. काळ्या पिनेच्या मुळाशी नखाने दाबून बघा. प्लास्टिक तपकिरी, ठिसूळ झालं असेल किंवा पीन हलत असेल, तर सासूबाईंचं ऐका.

पीन घट्ट असेल तर प्लग सॉकेटमधून काढलेला आहे ना ते बघून उघडा आणि पिना सुट्या करा. चिंच चालेल, लिंबू-मीठही चालेल, पण फक्त सुट्या पिनांना. पाच मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासा आणि भरपूर साध्या पाण्याने धुवा. मीठ राहिलं तर ते ओल ओढतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हिरवं. मग दिवसभर उन्हात ठेवा. आपल्या नागपुरात उन्हाची काय कमी! उरलेल्या डागावर झिरो नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा. पिना पांढऱ्या, मुलामा दिलेल्या असतील तर पॉलिश पेपर लावू नका, मुलामा गेला की पितळ उघडं पडतं. न उघडणारा, साच्यातला प्लग असेल तर घासत बसू नका, कापून नवा लावा.

आता वायर. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कूलरांत नवा प्लग आणि जुनी काळी तार ही जोडी फार दिसते, आणि मला त्याचा फार त्रास होतो. तांब्याच्या तारा काळ्या पडल्या असतील तर चमकती तार लागेपर्यंत वायर कापा. मग आवरणाचा रंग बघून जोडा: लाल एलच्या (L) खुणेला, काळी एनला (N), हिरवी म्हणजे अर्थिंगची मोठ्या पिनेला. नव्या वायरीत हेच रंग तपकिरी, निळा, हिरवा-पिवळा असतात. हिरवी तार आत थोडी लांब ठेवा, म्हणजे वायर ओढली गेली तरी अर्थिंग शेवटी सुटेल. मोठी पीन लांब असते तीही याचसाठी: ती आधी लागते, शेवटी निघते. कूलर लोखंडी, त्यात पाणी, वर आपले ओले हात. उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात ताई, म्हणून हिरवी तार कापून दोनच तारा जोडणाऱ्याला घरात येऊ देऊ नका.

काळी पीन ज्या भोकात बसत होती ते सॉकेटही बदला, नाहीतर नवा प्लगही तसाच करपेल. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच, मेन स्विच बंद करून. जोडलेल्या हिरव्या तारेला खरंच अर्थिंग आहे का, तेही त्याच्याकडून तपासून घ्या. आणि वायरला सॉकेटच्या खाली चांगला झोळ राहू द्या. वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातूनच खाली ठिबकतं, प्लगपर्यंत चढत नाही.