तुझ्या गळाचाही हिशेब

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. 'ट्रॉलर समुद्र खरवडून नेतात आणि नियम मात्र माझ्या एका गळाला,' हा तुझा राग मला समजतो. निम्मा राग खराही आहे. न्यूफाउंडलंडचा कॉड मासा शतकानुशतकं पुरला होता. मोठ्या कारखानी जहाजांनी काही दशकांत त्याचा तळ गाठला आणि 1992 साली कॅनडाला तिथली व्यावसायिक मासेमारी थांबवावी लागली. तीसेक हजार लोकांचं काम गेलं. बंदी 2 वर्षांची म्हणून घातली होती, उठायला 2024 उजाडलं.

उरलेला निम्मा राग मात्र सोडून दे. मेक्सिकोच्या आखातात, अमेरिकेच्या हद्दीत, रेड स्नॅपर माशाचा कोटा व्यावसायिक आणि हौशी यांच्यात जवळपास निम्मा-निम्मा वाटलेला आहे. 2007 पासून तिथल्या व्यावसायिक मच्छीमाराला आपापला वाटा नेमून दिला गेला, आणि धक्क्यावर उतरणारा माल वजन होऊन त्या वाट्यातून वजा होतो. हौशी माणूस दिवसाला दोनच मासे घरी नेतो, पण अशी माणसं अगणित, आणि त्यांचा आकडा पाहण्या करून अंदाजानेच काढावा लागतो. 2017 साली तिथल्या खासगी होड्यांना केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या पाण्यात सुरुवातीला फक्त 3 दिवसांचा हंगाम मिळाला होता. पोटासाठी मासे धरणाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी हे आठव.

आणि 'मी तर सोडूनच देतो' असं तू लिहिलंयस, तिथे मी थबकलो. खोल पाण्यातून झरकन वर ओढलेला मासा कधी नीट बघितलायस? दाब उतरल्यामुळे त्याचं वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, फुगतं, डोळे बाहेर येतात, तोंडातून गुलाबी फुगा डोकावतो. तो फुगा म्हणजे त्याचं जठर. वाताशय समजून त्याला टोचू नकोस. असा मासा नुसता पाण्यात टाकला तर पोट वर करून तरंगत राहतो, आणि पक्षी टपलेलेच असतात. वजन लावलेल्या चिमट्याने त्याला पुन्हा खोलवर पोचवलं, तर दाब परत बसतो आणि बरेच मासे जगतात. हे साधन होडीत नसेल तर खोल पाण्यात गळ टाकूच नकोस. उथळ पाण्यातही हात ओले करूनच मासा धर. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि रोगापासून त्याला तोच राखतो.

फोटोसाठी सगळ्यात मोठा मासा हवा असतो, मलाही हवा असायचा. पण लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, आणि कित्येक जातींत अंडी त्याहूनही जास्त पटींनी वाढतात. गाभोळीने भरलेली एक थोरली मादी कित्येक लहान माद्यांचं काम एकटी करते. म्हणून काही ठिकाणी फार लहान आणि फार मोठा असे दोन्ही मासे सोडण्याचा नियम असतो. नियम नसला तरी तू तिला सोड.

एक वही कर. किती धरले, किती नेले, किती सोडले, आणि सोडलेला स्वतःहून खाली गेला की तरंगत राहिला, हे सगळं लिही. पाहणीवाले विचारायला आले तर तीच त्यांच्यापुढे ठेव. पुढच्या पत्रात पहिलं पान मलाही पाठव, तरंगत राहिलेल्यांसकट.

तुझा,
जुना सोबती