सहल रद्द झाली, पैसे अडकले, आणि दोन वर्षं संपत आलीत

ताई, तुमचा मेल वाचला. अशाच आशयाचे दर टर्मला दहा-बारा तरी येतात, फक्त शाळा वेगळी असते. मुलाची दोन दिवसांची सहल ठरली, पैसे भरले, निघायच्या सकाळी गेटवर ठरल्यापेक्षा लहान गाडी आली, ड्रायव्हरकडे परमिटचे कागद नाहीत, मुख्याध्यापकांनी मुलांना परत घरी पाठवलं. तेव्हापासून "पुढच्या वर्षीच्या सहलीत अॅडजस्ट करू" हे चालूच आहे. आणि तुमचा प्रश्न काय, तर फॉर्मवर "कोणत्याही कारणाने सहल रद्द झाल्यास रक्कम परत मिळणार नाही" असं छापलंय आणि तुम्ही सही केलीये, मग आता पैसे मिळतील का.

त्या ओळीला घाबरू नका. न वाचता सही केलीत हे चूकच, पण कॉन्ट्रॅक्ट अॅक्टचं कलम ७४ असं आहे की करारात जप्तीची अट असली तरी समोरच्याला वाजवी भरपाईपुरतंच ठेवता येतं, आणि इथे सहल मोडली ती त्यांच्याच गाडीमुळे, तुमचा मुलगा आला नाही म्हणून नाही. स्वतःच्या चुकीवर स्वतःच पैसे जप्त करायचे हे कुठल्याही ग्राहक आयोगापुढे (ग्राहकांच्या तक्रारींचं कोर्टच म्हणा) टिकवणं अवघड आहे.

खरी भानगड तारखेची आहे. सहल रद्द झाली १४ डिसेंबरला, येत्या १४ डिसेंबरला दोन वर्षं पुरी होतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. तुम्ही बावीस-तेवीस महिने कुणाकुणाला फोन केले याची मोठी यादी पाठवलीत, त्यात एकही गोष्ट अशी नाही की जिच्यामुळे ही मुदत थांबली. फोन, ग्रुपवरचे मेसेज, पालक सभेत उठून विचारणं, अगदी वकिलाची नोटीससुद्धा, यातल्या कशानेच घड्याळ थांबत नाही. "त्यांनी नकार दिला त्या दिवसापासून मोजू" असं तुमच्या ओळखीतले कुणी म्हणाले ना, तसा युक्तिवाद करता येईल, पण पाच आठवडे हातात असताना त्या युक्तिवादाच्या भरवशावर का राहायचं? रद्द झाल्याच्या दिवसापासूनच मोजा.

वर्गशिक्षिकेचा "पैसे नक्की मिळतील" हा व्हॉट्सअॅप मेसेज तुम्हाला मोठा आधार वाटतोय. लिमिटेशन अॅक्टच्या (मुदतीच्या कायद्याच्या) कलम १८ खाली मुदतीच्या आत लेखी, सही केलेली कबुली मिळाली तर मुदत नव्याने सुरू होते हे खरं, पण वर्गशिक्षिका शाळेच्या वतीने कबुली देऊ शकते का, मेसेज म्हणजे सही का, ग्राहक आयोगात हे कलम किती चालतं, यावर वेगवेगळी मतं निघतील, त्यावर जुगार नको. उशीर माफ करायची सोयही कलम ६९ मध्येच आहे, पण पुरेसं कारण द्यावं लागतं, आणि "शाळा गोड बोलत होती म्हणून थांबलो" हे कारण मी तरी धाडसाने मांडणार नाही.

आता तुम्ही स्वतः पाठवलेल्या स्क्रीनशॉटकडे बघा, बहुतेक तुम्ही तो नीट बघितलाच नाहीये. यूपीआय पेमेंट कुणाच्या नावावर गेलंय? शाळेच्या नाही, ट्रॅव्हल एजन्सीच्या. पावती शाळेने दिली नाही म्हणून तुम्ही रडताय, पण हे तुमच्या पथ्यावर पडलंय. कारण राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या मोठ्या पीठाने जानेवारी २०२० मध्ये म्हटलंय की शिक्षण संस्था ग्राहक कायद्याखाली येत नाहीत, आणि त्यात सहली, पिकनिक, पोहणं यांचा नावानिशी उल्लेख आहे. शाळेचा वकील पहिल्याच तारखेला तोच निकाल पुढे करेल. हा मुद्दा सुप्रीम कोर्टात गेलेला आहे, तिथून कधी सुटेल यावर मी बोलत नाही. (बंगळुरूच्या एका शाळेच्या २००६ च्या सहलीत आजारी पडलेल्या विद्यार्थिनीला ८८ लाखांवर भरपाई मिळाली, पण सुप्रीम कोर्टाचा शिक्का बसायला २०२१ उजाडलं, म्हणजे बघा.) एजन्सीला मात्र "आम्ही शिक्षण देतो" असं म्हणता येणार नाही, त्यांनी पैसे घेतले आणि गाडी दिली नाही, सरळ सेवेतली त्रुटी.

म्हणून एजन्सी पहिली विरुद्ध पक्षकार. शाळेला जोडायचं की नाही यावर दोन मतं आहेत, मी दुसऱ्या नंबरवर जोडेन, नाहीतर एजन्सी म्हणेल की आम्ही रक्कम शाळेकडे वळती केली. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवरून होते. बाकी पालकांना घेऊन एकत्र तक्रार करायचा मोह आवरा, सगळ्यांच्या वतीने एकाने केली तर आयोगाची परवानगी लागते, आणि चाळीस जणांच्या सह्या गोळा करता करता डिसेंबर निघून जाईल, त्यांनी आपापली करावी. नोटीस स्पीड पोस्टने आजच टाका, पण उत्तराची वाट बघत बसू नका. तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असं कायद्यात लिहिलंय, तारखा मात्र त्यांच्या सवडीने पडतात.

मुख्याध्यापकांवर मात्र राग काढू नका. बिनपरमिट गाडीत मुलं बसवली असती आणि रस्त्यात काही झालं असतं तर विमा कंपनीने त्याच परमिटवरून भांडण उकरून काढलं असतं, आणि तेव्हा हा मेल तुम्ही पैशासाठी लिहिला नसता.

१४ डिसेंबर उलटला तर दिवाणी कोर्टात सहल रद्द झाल्यापासून तीन वर्षं मिळतात, पण चार आकडी रकमेसाठी तिथे वकिलाची फीच मुद्दलाला खाऊन जाईल.

आणि शाळेच्या सहलीच्या त्या सर्क्युलरची मागची बाजूही स्कॅन करून तक्रारीला जोडा. त्या सकाळी गेटवर उभं राहून तुम्ही पेनने गाडीचा नंबर लिहून ठेवलाय ना, अर्धा पुसटलाय पण वाचता येतोय. त्यावरून आरटीओकडे परमिटची माहिती मागता येते. या सगळ्या प्रकरणात तेवढं एक काम तुम्ही वेळेवर केलंय.