सील दोनदा बदललं, तरी चाकामागं तेल

प्रश्न : काका, नमस्कार. फलटण तालुक्यात आमचा ५५ म्हशींचा गोठा आहे. शेण काढायला तीन वर्षांपूर्वी एक जुनं स्किड स्टीअर लोडर (जागच्या जागी वळणारं छोटं लोडर) घेतलं. आधी ते एका फाउंड्रीत वाळू भरायला होतं. आमच्याकडं दिवसाला दोन तास चालतं. दिवाळीपासून हायड्रॉलिकच्या टाकीची लेव्हल उतरायला लागली. आठवड्याला दोन लिटर तेल घालावं लागतं. पहिला महिनाभर खाली काहीच दिसलं नाही, मग डाव्या मागच्या चाकामागं तेल यायला लागलं. मिस्त्रीनं ॲक्सलचं ऑइल सील बदललं. पंधरा दिवस कोरडं, मग पुन्हा तेच. परत सील बदललं, या वेळी ओरिजिनल. तीन आठवडे कोरडे गेले आणि आता पुन्हा ताटाएवढा डाग पडतोय. दोन्ही वेळा हब उघडल्यावर अर्धी बादली काळं तेल निघालं. मिस्त्री म्हणतो, ॲक्सलच नवा टाका, आणि पंपही गेलाय. खर्च मोठा आहे. काय करू?
— एक वाचक, ता. फलटण

उत्तर : दोन्ही घेऊ नका. निदान पुढचे पंधरा दिवस तरी पाकिटाला हात लावू नका.

दुखणं तुमच्या पत्रातच आलंय, फक्त ते शेवटाकडं आलंय : अर्धी बादली तेल. ते कुठून आलं, हे कुणी विचारलंच नाही. चाकाच्या ॲक्सलपाशी हायड्रॉलिकचं तेल जातच नाही. ॲक्सल फिरतो तो चेनकेसमध्ये. म्हणजे बॉडीच्या आतली ती लोखंडी पेटी, जिच्यात साखळ्या आणि स्प्रॉकेट (साखळीची दातेरी चाकं) तेलात बुडून फिरतात. काही मशीनला मधोमध एकच असते, काहींना डावी-उजवी वेगळी. ॲक्सलच्या सीलाचं काम त्या पेटीतलं तेल अडवणं, एवढंच. मग चाकामागं गळतंय चेनकेसचं तेल आणि कमी होतंय टाकीतलं, हे कसं?

या दोन तेलांच्या मध्ये एकच खिडकी आहे. चाकं फिरवणारी हायड्रॉलिक मोटर चेनकेसच्या बाहेर बसते आणि तिचा शाफ्ट आत घुसून स्प्रॉकेट फिरवतो. त्या शाफ्टवर एक सील असतं. त्याची ओठाची कड गेली की हायड्रॉलिकचं तेल गुपचूप चेनकेसमध्ये उतरतं. बाहेर एक थेंब नाही. टाकी रिकामी होत जाते, चेनकेस भरत जाते, आणि लेव्हल जिथं कधीच यायला नको तिथं आली की कुठलंही चांगलं सील हात टेकतं. तुमचा 'पहिला महिना काहीच दिसलं नाही' तो हा. आणि सील बदलल्यावर पंधरा दिवस कोरडं का? कारण हब उघडलं तेव्हा जादाचं तेल बादलीत गेलं. चेनकेस पुन्हा भरायला जेवढे दिवस लागले, तेवढे दिवस सीलाला श्रेय मिळालं.

हिशेब करून बघा. एक मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब धरले तर दोन लिटर म्हणजे चाळीस हजार थेंब. तुमचं मशीन आठवड्यात बारा-चौदा तास चालतं. म्हणजे इंजिन चालू असताना जवळजवळ दर सेकंदाला एक थेंब. हे सगळं जमिनीवर पडलं असतं तर ताटाएवढा डाग दिसला असता होय? गोठ्यात माणसं घसरून पडली असती.

मिस्त्रीवर चिडू नका. मी भोसरीत फिटर होतो तेव्हाची गोष्ट. एका बॅकहोच्या सिलिंडरला ग्लँडपाशी, म्हणजे रॉड बाहेर येतो त्या तोंडापाशी, तेल दिसायचं म्हणून मी दोनदा सील किट टाकलं. तिसऱ्या वेळी वरिष्ठ फिटरनं मला बाजूला केलं, मशीन धुवून कोरडं केलं आणि खिशातून टाल्कम पावडरचा डबा काढला. मला वाटलं, हे काय आता. त्यानं सिलिंडरपासून वरपर्यंत सगळ्या होजवर पावडर उडवली, इंजिन चालू केलं आणि बिडी पेटवायला लांब गेला. पाच मिनिटांत पांढऱ्या पावडरीत एक काळपट रेघ उठली. सिलिंडरच्या दोन-अडीच फूट वर, एका क्लॅम्पखाली होज घासला होता. तेल होजच्या अंगानं उतरत यायचं आणि ग्लँडवर येऊन थेंब धरायचं. दोन सील किट त्या दिवशी माझ्याकडं बघून हसली असतील. तेव्हापासून तेल दिसतं तिथं मी पाना लावत नाही, आधी वर बघतो.

आता माझ्या शब्दावरही जाऊ नका, खात्री करा. मशीन सपाट जागी उभं करा, बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद. चेनकेसचा लेव्हल प्लग सावकाश सैल करा. तेल भोकाच्या खालच्या कडेला असायला हवं. धार लागली तर अर्धं उत्तर तिथंच मिळालं. जादा तेल बाहेर येऊ द्या, मोजून ठेवा, प्लग लावा. टाकीची लेव्हल नेमकी करून काचेवर किंवा डिपस्टिकवर खूण करा. मग आठवडाभर नेहमीसारखं काम करा आणि पुन्हा दोन्ही बघा. टाकी जेवढी उतरली, तेवढी चेनकेस वाढली, तर वाद संपला. तेलाच्या रंगावरून ठरवू नका. जुन्या मशीनमध्ये दोन्हीकडं एकाच जातीचं तेल असू शकतं, आणि चेनकेसमध्ये पडलं की सगळंच काळं.

मोटरी दोन असतात, डाव्या चाकांना एक, उजव्यांना एक. त्यातली कुठली, हे बघायला चेनकेसचं झाकण उघडावं लागेल. त्याआधी मशीन जॅकवर घेऊन खाली भक्कम लाकडी ठोकळे लावा, चारही चाकं अधांतरी करा. आतलं तेल काढून दोन्ही शाफ्टची मुळं पुसून लख्ख करा. एकानं सीटवर बसून चाकं अगदी सावकाश फिरवायची, दुसऱ्यानं लांबून बॅटरी मारायची. साखळ्या फिरत असताना आत हात, चिंधी, स्क्रू-ड्रायव्हर काही जाता कामा नये. ज्या शाफ्टच्या मुळाशी पुन्हा ओल चढते ती मोटर.

सगळ्यात आधी मात्र पोटाखालचा पत्रा उघडून मशीन धुवा. हे मी आधी सांगायला हवं होतं. गोठ्यातल्या मशीनच्या पोटात शेण, भुसा आणि सांडलेलं तेल यांचा गिलावा बसतो. तो असेपर्यंत कुठलंच निदान खरं नाही. शिवाय तो भुसा वाळून सायलेन्सरपाशी गेला की पेट घेतो. शेणामुताच्या ओलीनं होजच्या टोकांच्या फिटिंग कुजतात तेही धुतल्यावरच दिसेल. फिटिंगपाशी रबर फुगलेलं किंवा आतली तार गंजून बाहेर डोकावत असेल, तर तो होज आजच बदला. बाकी, गोठा हे या यंत्राचं माहेरच आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या केलर बंधूंनी १९५७ साली असला पहिला छोटा लोडर बनवला तो एका टर्कीपालकाचं खुराडं साफ करायला. तेव्हा त्याला तीन चाकं होती.

दोन गोष्टींत हयगय नको. आर्म वर असेल तर त्याचा लोखंडी सपोर्ट लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही. लिव्हर बंद आहे, इंजिन बंद आहे, ही कारणं चालत नाहीत. आणि दाबाखालच्या होजवरून गळती शोधायला हात फिरवायचा नाही. पुठ्ठा धरा. या यंत्रात दीडशे-दोनशे बार दाब असतो. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारी धार डोळ्याला दिसत नाही आणि कातडीतून आत जाते. आमच्या एका हेल्परच्या बोटाला अशी लागली. मुंगी चावल्यासारखा ठिपका, रक्तही नाही. त्यानं हळद लावली आणि घरी गेला. रात्री बोट वांग्यासारखं सुजलं. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, पण शेवटचं पेर गेलं. अशी धार लागली तर दुखत नसलं तरी त्याच तासाला सर्जनकडं जा आणि 'दाबाखालचं तेल आत गेलंय' हे स्पष्ट सांगा, नाहीतर साधी जखम म्हणून मलमपट्टी होते.

आता खरा प्रश्न. मोटरचं सील गेलं का? नुसतं जुनं होऊन कडक झालं असेल तर बरं. पण मोटरच्या आत जे थोडं तेल झिरपतं ते केस ड्रेनच्या बारीक होजमधून टाकीत परतत असतं. तो होज कुठं दबला, मुडपला किंवा आतून सोलून बुजला, की केसमधला दाब वाढतो आणि सील बाहेर ढकललं जातं. मग नवीन सीलही महिनाभरात जाईल आणि तुम्ही मला शिव्या घालत दुसरं पत्र पाठवाल. म्हणून सील टाकताना तो होज काढून फुंकून बघा. दोन्ही मोटरींचे ड्रेन एकेक मिनिट वेगवेगळ्या डब्यात धरून तुलना करता आली तर उत्तम. एकीकडं पाव डबा आणि दुसरीकडं डबा भरून वाहत असेल, तर डबा भरणारी मोटर आतून झिजली आहे आणि नुसत्या सीलावर भागणार नाही. दोन्हीकडं सारखंच आणि थोडंच असेल तर मोटर ठीक समजा.

सील काढल्यावर शाफ्टवर नख फिरवा. जुन्या सीलाच्या ओठानं खाच पाडली असेल तर नख अडकतं. त्याच खाचेवर नवीन सील बसवलं तर पहिल्या दिवसापासून गळेल. एक-दोन मिलिमीटर पुढं-मागं बसतंय का बघा, किंवा त्या जागी पातळ स्लीव्ह चढवून घ्या. काम झालं की चेनकेसमध्ये नवं तेल भरा, आणि ब्रीदर (पेटीतली हवा बाहेर सोडणारं तोंड) असेल तर साफ करा. तो शेणानं बुजला की आतली गरम हवा ॲक्सलच्या सीलामधून वाट काढते.

पंपाचं म्हणाल, तर बकेट पूर्वीसारखी भरून उचलत असेल, तर पंप 'गेलाय' कशावरून? टाकी उतरली की पंप हवा ओढतो, आवाज करतो, तेलाला फेस येतो. आधी लेव्हल टिकू द्या, मग पंपाचा आवाज ऐका. आणि तुम्ही दर आठवड्याला घालता ते तेल कोणतं, हे लिहिलं नाहीत. सगळीकडं सर्रास ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल घालतात. जुन्या काही स्किड स्टीअरना कंपनीनंच हायड्रॉलिकमध्ये इंजिन ऑइल सांगितलेलं असतं. मॅन्युअल नसेल तर मशीनच्या प्लेटवरचा मॉडेल नंबर घेऊन विचारा.

प्रश्न : आमच्या लोडरचा आर्म वर ठेवला की सकाळपर्यंत खाली आलेला असतो. बाहेर तेल कुठंच नाही. सिलिंडर की व्हॉल्व्ह?
— एक वाचक, जि. नाशिक

उत्तर : पहिलं म्हणजे रात्री आर्म वर ठेवू नका. पोरं खेळतात तिथं.

गळती आत आहे. पिस्टनचं पॅकिंग तरी गेलंय, नाहीतर कंट्रोल व्हॉल्व्हचा स्पूल (लिव्हरनं आत सरकणारा दांडा) झिजलाय. आर्म वर घेऊन सपोर्ट लावा, इंजिन बंद करा, लिव्हर हलवून दाब सोडा. एका लिफ्ट सिलिंडरचा रॉडकडचा होज सोडून त्याला डट्टा मारा आणि सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली बादली ठेवा. सगळ्यांना बाजूला करून ड्रायव्हरला लिव्हर हळूच वर द्यायला सांगा. रॉड पूर्ण बाहेर येईपर्यंत थोडं तेल येईल, ते हिशेबात धरू नका. रॉड शेवटाला टेकल्यावरही धार चालूच राहिली तर त्या सिलिंडरचं पॅकिंग गेलं. दुसऱ्या सिलिंडरलाही असंच करा. सिलिंडर दोन आहेत आणि एकाच्या पापानं दुसराही खाली येतो. दोन्ही कोरडे निघाले तर स्पूलकडं या. स्पूल घरी उघडू नका.

प्रश्न : होजच्या नटाला टेफ्लॉन टेप तीन वेळा गुंडाळला, पाइप लावून पाना आवळला, तरी तेल येतंच.
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : येणारच. त्या नटाचे आटे तेल अडवत नाहीत, ते फक्त आवळतात. अडवतो तो आतला कोन, किंवा ओ-रिंग, किंवा डावटी वॉशर (आतून रबराची कड असलेली धातूची चकती). नट सोडून कोनावर बोट फिरवा. तुम्ही ज्या जोरानं आवळलाय, त्यानं तो चिरला असण्याचीच शक्यता जास्त. चिरला असेल तर होजचं टोक कापून नवीन क्रिंप करून घ्या, ओ-रिंग असेल तर त्याच मापाची नवी टाका. आणि टेपचे तुकडे चिमट्यानं एकूणएक काढा. एक जरी तेलाबरोबर गेला तरी तो स्पूलमध्ये जाऊन बसतो, आणि मग तुम्हीही नाशिककरांसारखं पत्र लिहाल.