मधली इंग्रजी बाजूला ठेव

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. शारजात शाळा झाल्यामुळे तुला अरबी लिहिता-वाचता येते आणि कोरियन तू मालिका पाहता पाहता शिकून पुढे रीतसर परीक्षाही दिलीस. आता अरब आणि कोरियन तरुणांच्या मेळाव्याला मदतनीस म्हणून बोलावणे आले, तर ‘मी ना अरब, ना कोरियन, माझे तिथे काय काम? शिवाय सगळे इंग्रजीतच चालणार आहे,’ असे लिहितेस. तुझ्या प्रश्नाकडे नंतर येतो. त्या शेवटच्या वाक्याने मात्र माझी झोप गेली.

१९७६ साली सौदीतल्या जुबैलच्या औद्योगिक बंदराचे काम ह्युंदाईला मिळाले आणि त्या किनाऱ्यावर कोरियन कामगारांची रीघ लागली. दोन वर्षांनी मी तिथल्या एका लहान कंत्राटदाराकडे स्टोअरकीपर म्हणून लागलो. माल न्यायला येणारा कोरियन मुकादम माझ्या प्रत्येक वाक्यावर ‘ने, ने’ म्हणे. ‘ने’ म्हणजे त्यांच्यात ‘हो’. मी ते मराठीत ऐकत होतो आणि हा मलाच माल घेऊन जायला का सांगतो, ते मला उमगत नव्हते. पुष्कळदा त्या ‘ने’चा अर्थ ‘ऐकतो आहे’ एवढाच असतो, होकार नसतो, हे तर फार उशिरा कळले.

एकदा रविवारी रस्ता मोकळा मिळेल का, असे आम्ही एका सौदी अधिकाऱ्याला विचारले. तो म्हणाला, ‘इन्शाअल्लाह’, म्हणजे देवाची इच्छा असेल तर. मी मुकादमाला सांगितले, ‘येस, संडे.’ रविवारी काँक्रीटच्या गाड्या बंद रस्त्यासमोर ओळीने उभ्या राहिल्या आणि दुपारपर्यंत आतला माल सेट होऊ लागला. अधिकारी खोटे बोलला नव्हता आणि मुकादमाचेही चुकले नव्हते. घात केला तो मधल्या ‘येस’ने, आणि तो ‘येस’ माझा होता. म्हणून म्हणतो, मधली इंग्रजी बाजूला ठेव.

१९८३ साली मी परत निघालो तेव्हा त्या मुकादमाने सिमेंटच्या गोणीचा कागद फाडून त्यावर कोरियन लिपीत आपल्या गावाचे नाव लिहून दिले. मला ते वाचता येत नव्हते, आणि मुंबईत उतरेपर्यंत तो कागद कुठेतरी पडला. हंगुल, म्हणजे ती कोरियन लिपी, आठवड्याभरात वाचता येऊ लागते. पाच वर्षांत तो एक आठवडा मला सापडला नाही. रात्रपाळ्या होत्या, घरी पैसे पाठवायचे होते, आणि तिथे कोण शिकवणार होते, हे मी स्वतःला बरीच वर्षे सांगत आलो. ते खरेही आहे. तरी बेचाळिसाव्या वर्षी अरबी आणि एकसष्टाव्या वर्षी हंगुल मी शिकलोच, घरचे हसले तरी.

भाषेचे नुसते नाव घेऊनही भागत नाही. कोरियातल्या विद्यापीठ-प्रवेश परीक्षेत दुसरी परकीय भाषा घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले अरबी निवडत, अशी काही वर्षे गेली. शाळांत ती शिकवणारे मोजकेच होते. पण श्रेणी इतरांच्या तुलनेत ठरत असल्याने अंदाजपंचे उत्तरे देऊनही बरी श्रेणी पदरात पडे. २०२१ च्या परीक्षेपासून श्रेणी थेट गुणांवर ठरू लागली आणि गर्दी ओसरली. याउलट अरबी विभाग सोलच्या हानकुक परकीय भाषा विद्यापीठात १९६५ पासून आणि कोरियन विभाग कैरोच्या ऐन शम्स विद्यापीठात २००५ पासून आहे; तिथली मुले मधला दलाल न घेता एकमेकांना वाचतात. त्यांच्या पंक्तीत बस.

आणि ‘ना अरब, ना कोरियन’ हे रडगाणे आता पुरे. कोरियन माणूस ओळख होताच वय विचारतो, कारण त्याशिवाय क्रियापद कोणत्या आदराने वापरावे ते त्याला ठरवता येत नाही. इंग्रजीतल्या ‘यू’ला ही अडचण कळणारच नाही; ‘तू, तुम्ही, आपण’ यांत वाढलेल्या तुला ती लगेच कळते. तुझे क्रियापदही त्याच्यासारखेच वाक्याच्या शेवटी येते. तारीख, हिशेब, वकील, मजकूर हे शब्द तर अरबीतून फारसीच्या वाटेने तुझ्या आजीच्या तोंडी येऊन बसले आहेत. आणखी कोणता दाखला हवा?

संयोजकांना आजच कळव की मदतनीस म्हणून नव्हे, दुभाषी म्हणून येईन. तिथे कोणी ‘इन्शाअल्लाह’ म्हटले तर त्याचा ‘येस’ करू नकोस. नेमके केव्हा आणि कोण करणार, हे त्याला अरबीतच पुन्हा विचार, आणि उत्तर मिळेल ते कोरियनमध्ये सांग. एखादा कोरियन मुलगा आपल्या गावाचे नाव लिहून देऊ लागला, तर ते त्याच्यासमोरच मोठ्याने वाचून दाखव.

तुझा,
काका