कंपन्या आयटी तिकिटांचं (कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी आणि मागण्या नोंदवायचं) सॉफ्टवेअर अपग्रेड करायला एवढी टाळाटाळ का करतात?

पैसे नाहीत हे मीटिंगमध्ये सांगायचं कारण. खरं दुखणं कस्टमायझेशनचं.

हिंजवडीत मी अशीच एक सिस्टिम सांभाळायचो. ज्याला जे हवं ते त्याने वर्षानुवर्षं तिच्यात चिकटवलेलं: मंजुरीची जादा पायरी, पगाराच्या सिस्टिमला जोडणारी स्क्रिप्ट, एका साहेबांसाठी खास रिपोर्ट (साहेब केव्हाच रिटायर झाले). लिहिणारे नोकरी बदलून खराडीला गेले, कागदावर काही नाही. नवी आवृत्ती चढवली की यातलं काय मोडेल ते कुणालाच सांगता येईना. नीट झालं तर कुणाला कळणारही नाही, मोडलं तर नाव आमचं. मग कोण कशाला हात लावतंय?

शिवाय हे चोवीस तास लागणारं सॉफ्टवेअर. बंद ठेवायला फार तर शनिवारची रात्र मिळते, तीही क्वार्टर संपताना नाही. टेस्टिंगला इतर खात्यांची माणसं मागितली की सगळेच बिझी.

क्लाउडवर, म्हणजे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या सर्व्हरवर, हे लाड कमी. सर्व्हिसनाऊ या अशाच क्लाउड सॉफ्टवेअरच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या येतात, फार मागे राहून चालत नाही. आपल्याच सर्व्हरवर चालवायच्या जिरा सर्व्हर या तिकिटांच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट तर ते बनवणाऱ्या अ‍ॅटलासियनने १५ फेब्रुवारी २०२४ला बंदच केला. अशी तारीख डोक्यावर आली की अडलेली फाइल बरोबर हलते.

तुमच्याकडे घोडं अडलं असेल तर आधी कस्टमायझेशनची यादी काढा आणि कोण काय वापरतं ते विचारा. आमच्यातलं बरंचसं कुणी वापरतच नव्हतं.