दोन्ही दिवे लागले, गुण कोणाला?

प्रश्न : लेक तलवारबाजीत सेबर खेळते. दोन्ही दिवे लागले तरी पंच गुण समोरचीलाच देतात. का? (एक पालक, ता. दारव्हा)

उत्तर : १७० मिलिसेकंदांच्या आत दोघींचे वार लागले की दोन्ही दिवे लागतात. मग गुण आधी हल्ला चढवणारीचा. हल्ले एकदमच असतील तर कोणालाच नाही. नुसतं धावत जाणं हल्ला ठरत नाही, हात लांबत जायला हवा. बहुतेक मुलींचा पाय आधी पडतो, कोपर आखडलेलं राहतं आणि गुणाचा हक्क तिथंच जातो. अंगणात ४ मीटरवर दोन रेघा आखा, हात लांबल्यावरच लंज (पुढचा पाय झेप घेत लांब टाकणं) घ्यायला लावा. मागचा पाय पुढच्याला ओलांडून गेला तर वार बाद. समोरचीचा वार पात्यावर अडवून लगेच प्रतिवार केला, तर हक्क लेकीचा. भारताची सेबरपटू भवानी देवी हिची टोकियो ऑलिम्पिकमधली १५-३ ची लढत तिला जरूर दाखवा.